वहिनीची ठकी

"ओढून बघितलंस?"

शैलावहिनीने शेवटच्या भेटीत मला विचारलेला हा प्रश्न. ऑगस्टची दुपार, बाहेर दिल्लीचा तो वारा पडलेला चिकट उकाडा, आत हॉस्पिटलच्या एसीने भरलेली हुडहुडी, आणि माझ्या सख्ख्या भावाची बायको नाकात नळी, हाताला सुई अशा अवस्थेत मला विचारत होती, की मी आल्याचं रोप ओढून बघितलं का. "बघितलं," मी म्हटलं. "मग?" मी गप्प. आता मी गप्प बसले की काहीतरी बिनसलंय हे समोरच्याला कळतंच, कारण एरवी मी गप्प बसत नाही. शेवटी बोलून गेले, "एक पडलं गं ठकीतलं. सरळ उपटून हातात राहिलं." बोलले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. इतक्या आजारी माणसाला हे सांगायचं असतं का? पण वहिनीचा चेहरा... खरं सांगते, कित्येक दिवसांत पाहिला नव्हता असा उजळला. ती हसली. त्याच आठवड्यात ती गेली. दादाचा फोन आला, तो नुसतं "मंजू, ये" म्हणाला आणि मी चपला शोधायला लागले. त्या हसण्याचं कारण सांगायचं तर मला बरंच मागे जावं लागेल. मी जाणार आहे, कोणी अडवू नये.

वहिनी शास्त्रज्ञ होती, दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरचं काम करायची. म्हणजे रोपाचा कणभर कोंब घ्यायचा, काचेच्या बाटलीत जेलीवर ठेवायचा, जेलीतच त्याचं खाणंपिणं कालवायचं आणि त्या एका कणातून ढीगभर रोपं काढायची. केळीची रोपं अशी तयार होतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनीचं काम त्याच्या पुढचं. तिला रोगाला दाद न देणारं आलं तयार करायचं होतं. ती मूळची साताऱ्याकडची. लहानपणी आजोळी मामांच्या आल्यात कंदकूज लागलेली तिने पाहिली होती. जमिनीतली बुरशी कंदात शिरते, खालची पानं पिवळी पडतात, आत सगळं सडून पाणी होतं आणि वरून रोप मात्र उभंच्या उभं दिसतं. मामा म्हणाले, हलकेच ओढून बघ. तिने ओढलं तर रोप हातात निघालं, आणि जो वास आला तो म्हणे जन्मभर नाकातून गेला नाही. तेव्हापासून ओढून बघायची तिला खोडच लागली. रोपांनाच नाही, माणसांनाही. कोणी उगाच "मी मजेत" म्हणालं, की ही त्याच्या बाहीला, नाहीतर ओढणीच्या टोकाला धरून हलकेच ओढायची आणि डोळ्यांत बघायची. "वरून तर ठीक दिसतंय," एवढंच म्हणायची. बहुतेक माणसं तिथंच रडायला लागायची. मीही त्यातलीच.

लग्न होऊन ती आर. के. पुरमच्या आमच्या घरात आली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी घरातली लाडकी, आगाऊ नणंद होते. नवी नवरी कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून आली आणि कामावर रुजू व्हायच्या दिवशी सकाळी तिने तो खळाखळा काढून ठेवला. आईचा जीव खालीवर. "अगं शैला, सवाष्ण बाई मोकळ्या हातांनी बाहेर जाते का?" वहिनी म्हणाली, "आई, बांगड्यांत जंतू बसतात. माझ्या हातावरचा एक जंतू बाटलीत गेला की सगळी बाटली खलास." आई म्हणाली, "आमच्या बांगड्यांत नाही हो बसत जंतू!" दोन दिवस घरात तंग वातावरण. मग तोड वहिनीनेच काढली. स्वयंपाकघरात चहाचं गाळणं टांगायची एक खुंटी होती. सकाळी निघताना बांगड्या त्या खुंटीला, संध्याकाळी आल्याबरोबर साबणाने हात धुऊन आधी बांगड्या हातात, मग चहा. निवृत्त होईपर्यंत हा नेम चुकला नाही. आईला पुढे पुढे इतकी सवय झाली, की खुंटी रिकामी झाल्याचा आवाज आला की ती आतून "आलीस का गं?" विचारायची.

एकदा मी हट्टाने तिची प्रयोगशाळा बघायला गेले. स्वच्छ हवेचं एक काचेचं कपाट असतं, त्याच्या तोंडाशी बसून ती चिमट्याने कोंब उचलायची, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ठेवायची. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "बोलायचं नाही. श्वासातून जंतू जातात." किती वेळ बसवलं देव जाणे! मी, आणि तोंड बंद! बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मी जे सुटले... "अगं, एवढा उपद्व्याप कशाला? दोन चांगल्या जातींचा संकर करायचा, मोकळं व्हायचं. आमच्या कॉलेजात वाटाण्याचं शिकवलंय की." ती म्हणाली, "आल्याला बी धरत नाही, मंजू. लागवड कंदाच्या तुकड्यावरच करायची. जी आई, तीच लेक. आईला रोग, की लेकीला रोग." "म्हणजे याचं लग्नच लावता येत नाही?" "नाही ना. म्हणून तर ही उठाठेव." टपरीवाला चहात घालायला आलं ठेचत होता. वहिनीने पुढे होऊन त्याच्या हातातला तुकडा घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "भैया, यह कहाँ का है?" तो म्हणाला, "मंडी का है, मैडम।" ती मला म्हणाली, "वरून चांगलंय, पण आतून कूज धरलीय." मी तो चहा प्यायले नाही.

तिची पद्धत ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला होता. बाटलीत कोंबापासून पेशींचे हिरवट गोळे वाढवायचे. त्याच वेळी दुसरीकडे कंदकुजीची बुरशी वाढवायची, तिचं विखारी पाणी गाळून घ्यायचं आणि ते या गोळ्यांना पाजायचं. बहुतेक गोळे तपकिरी पडून मरतात. एखाद्या गोळ्याचा एखादा कोपरा हिरवा राहतो. तेवढाच उचलायचा, वाढवायचा, पुन्हा पाजायचं, आधीपेक्षा कडक. दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे शोकसभेत दोघा-तिघांनी गहिवरून सांगितलं, की रोपं हीच त्यांची मुलं होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलांना कोणी विष पाजून बघतं का? वहिनीला स्वतःलाही असलं बोलणं आवडायचं नाही. पण एक होतं. मेलेल्या बाटल्या उकळून निर्जंतुक केल्यावर धुवायला माणूस होता, तरी ती त्या स्वतः धुवायची. मी विचारलं, तर म्हणाली, "पाजलं मी, तर धुणार पण मीच." बस्स. 

वर्षानुवर्षं हे चाललं. बाटल्यांतली रोपं साधारण महिन्याने ताज्या जेलीवर हलवावी लागतात, नाहीतर पिवळी पडतात. त्यामुळे आमच्या घरचं प्रत्येक लग्न, प्रत्येक मुंज, पुण्याची प्रत्येक फेरी "बाटल्या बदलून झाल्या का?" हे विचारून ठरायची. माझ्या लग्नात ती हळदीला पोचली नाही, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आली, आणि सीमांतपूजनाला तिच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. मी दोन दिवस रुसले होते. आणि मग एके दिवशी तो कोपरा सापडला. कितीही पाजा, हिरवाच. त्यातून रोपं निघाली, जेलीतून मातीत आली, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हळूहळू दिल्लीच्या हवेला सरावली. प्रयोगशाळेत त्या वाणाला काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडा होता. घरी वहिनीने नाव ठेवलं, ठकी. "लई चिवट आहे," म्हणाली. साताऱ्याचं 'लई' तिच्या तोंडी फक्त आनंद झाला की यायचं.

पण बाटलीतून आलेल्या आल्याची एक गोम असते. पहिल्या वर्षी कंद भरत नाहीत. लहान मुलाच्या बोटांएवढे होतात. तेच कंद पुन्हा लावायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा लावायचे, तेव्हा कुठे दोन-तीन हंगामांनी बाजारात शोभेल असं आलं हाताला लागतं. वहिनीने हे सगळं आढाव्याच्या बैठकीत सांगितलं. वरचे साहेब बदलून नुकतेच आले होते. त्यांनी तो कंद चिमटीत धरून वर केला आणि विचारलं, "डॉक्टर साहिबा, यह अदरक है या दातुन?" सगळे हसले. जागा दुसऱ्या कामाला द्यायचं ठरलं, ठकीचा गाशा गुंडाळला. मी त्या दिवशी माहेरीच होते. वहिनी घरी आली, हात धुतले, बांगड्या घातल्या, चहा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कचऱ्यात जाणार होतं. मी विचारून घरी आणलंय. वाढवू इथंच." आणि दुसऱ्या दिवशी आईच्या वरणभाताच्या कुकरात कुंडीतली माती शिजायला लागली, कारण माती निर्जंतुक हवी. आईने अक्षरशः कपाळावर हात मारला. "अगं, तीन शिट्ट्या झाल्यात तुझ्या मातीच्या, उतरवू का?" असं विचारून विचारून आईने तिला आठवडाभर छळलं, मग दादा गुपचूप दुसरा कुकर घेऊन आला.

त्याच उन्हाळ्यात माझा नवरा गेला. सुधीर ऑफिसला निघाला आणि जिन्यातच... जाऊ दे. मी लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये एकटी. ऑफिसला जात होते, येत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला "बिल्कुल ठीक" सांगत होते. वहिनी पावसाळ्यात एकदा स्कूटरवर पायांमध्ये कुंडी धरून आली. तीत हिरवागार, बांबूसारख्या पानांचा झुबका. "हिला पाणी घालत जा. जास्त नको." मला राग आला. मी काय रिकामटेकडी आहे, की लहान मूल आहे, हातात काहीतरी द्यायला? "मला नको तुझी झाडं, मी मजेत आहे," मी म्हटलं. तिने माझ्या ओढणीचं टोक धरून हलकेच ओढलं. माझ्या पोटातून जे काही वर आलं, ते शेजारच्या नायर बाईंनाही ऐकू गेलं असणार. वहिनी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. कुंडी बाल्कनीत राहिली. मी पाणी घालत गेले. डिसेंबरात थंडी पडली तशी तिची पानं पिवळी झाली, मग वाळली, मग गळून पडली. मनात म्हटलं, झालं, हेही गेलं माझ्या हातून. कुंडी उचलून जिन्याखाली ठेवून दिली आणि वहिनीला सांगितलंच नाही.

आता आलेपाकाची गोष्ट. जानेवारीत आर. के. पुरमच्या बाल्कनीतली ठकी निघाली. या वेळी कंद चांगले अंगठ्याएवढे होते. पुढच्या लागवडीसाठी वहिनीने ते सगळे मडक्यात ओलसर वाळूत पुरून कोठीच्या खोलीत ठेवले. त्या थंडीत तिला खोकला धरला होता, रात्रंदिवस ठसका. संक्रांतीच्या आधी तिळाचा डबा काढायला आई कोठीत गेली आणि तिला मडकं दिसलं. आता आमच्या आईच्या माहेरीसुद्धा चहाचं आलं असंच वाळूत पुरून ठेवायचे. आईला वाटलं, बघा, सून किती सुगरण! त्या शनिवारी मी तिकडेच जेवायला होते. वहिनी प्रयोगशाळेतून आली, हात धुतले, बांगड्या घातल्या, आणि आई परातीत आलेपाकाच्या वड्या घेऊन समोर उभी. शुभ्र, जायफळ घातलेल्या. "घे. खोकला कुठल्या कुठे पळेल. तुझं ते वाळूतलं सगळं आलं घातलंय, अगदी एक बोटभरही ठेवलं नाही. आणि काय गं ते आलं! किसताना दोरा म्हणून लागला नाही."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने माझी बाही ओढली. हलकेच नाही, चांगली जोरात. मग तिने परातीतली वडी उचलली, तोंडात घातली, डोळे मिटून चघळली. म्हणाली, "आई, फार छान झालाय. खरंच दोरा नाही." आई अशी काही फुलली! वहिनीने दुसरी वडी घेतली आणि न्हाणीघरात गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. दादा वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. आई मला म्हणाली, "बघ, कशी पटकन दुसरी घेतली!"

दुसऱ्या दिवशी रविवार. माझं दार वाजलं, बघते तर वहिनी, स्वेटर उलटा घातलेला, धापा टाकतेय. "कुंडी कुठंय?" मला आधी कळेचना. "अगं, मी तुला दिलेली ठकी. प्रयोगशाळेत आम्ही सगळ्या बाटल्या कधी एका खोलीत ठेवत नाही. कुंड्या पण एका घरात ठेवल्या नव्हत्या." म्हणजे ते मला रमवायला नव्हतं? का होतं? दोन्ही होतं, असं ती पुढे एकदा म्हणाली. त्या वेळी मात्र मी सरळ सांगून टाकलं. "वहिनी, ती मेली गं. डिसेंबरातच वाळली." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग काय हसायला लागली! खोकत खोकत हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मंजू, आलं थंडीत वरून वाळतंच. ते काही मरणं नाही, यार. चल, दाखव." जिन्याखालून कुंडी काढली. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, कुंडी पालथी केली. कोरड्या मातीच्या ढेकळात कंद होता, जाड, फिकट पिवळा, आणि त्याच्या एका डोळ्यावर तांदळाएवढा कोंब. आम्ही दोघी तिथंच उन्हात, माती सांडलेल्या फरशीवर बसून राहिलो. सुधीर गेल्यानंतर मला त्या दिवशी पहिल्यांदा कडकडून भूक लागली, हे मला पक्कं आठवतंय.

त्यानंतर ठकी कधी एका घरात राहिली नाही. आसपास सगळी सरकारी वसाहत, दारोदार वेगळं राज्य. वहिनीने तमिळ घरात एक कुंडी दिली, बंगाली घरात एक, खाली पहाडी कुटुंब होतं त्यांच्याकडे एक. देताना प्रत्येकाला एकच अट. "बस, चाय में मत डालना, जी।" बदली झाली की माणसं सामान बांधताना आधी कुंडी परत आणून द्यायची. आणि आईसाठी? दर हिवाळ्यात वहिनी आयएनए मार्केटमधून निवडून आलं आणायची आणि कोठीच्या त्याच मडक्यात वाळूत पुरून ठेवायची, आईला सापडावं म्हणून. आईला ते सापडायचं. आलेपाक व्हायचा. "पहिल्या वर्षीचं जास्त चांगलं होतं," आई दर वेळी म्हणायची, आणि वहिनी म्हणायची, "हो ना." आई गेली तोवर तिला काही कळलं नाही. आता वर दोघींची भेट झाली असेल, तर कृपा करून वहिनीने अजूनही सांगू नये.

वहिनी निवृत्त झाली. कंद आता चांगले पोसलेले, हाताच्या पंजाएवढे. पण बाटलीत विष पचवलं म्हणजे मातीत रोग पचवलाच असं नाही, हे तीच सगळ्यांत आधी सांगायची. खरी परीक्षा रोगट वाफ्यात. प्रयोगशाळेच्या शेतावर असा एक वाफा मुद्दाम राखलेला असतो, त्याच्या मातीत कंदकुजीची बुरशी ठासून भरलेली. तिथं पावसाळा काढला तर मानायचं. वहिनीला तो वाफा कधी मिळाला नाही. तिच्या हाताखाली शिकलेली रेणू, जिंद जिल्ह्यातली धडधाकट, मोकळ्या आवाजाची मुलगी, आता वहिनीच्याच विभागाची प्रमुख झाली आहे. ती या वसंतात आली, वहिनीच्या पाया पडली आणि म्हणाली, "मैडम, वाफा मिल गया।" वहिनीकडून शिकलेला हा एकच मराठी शब्द, आणि तो तिने बरोबर जागी वापरला. ठकी लावली, शेजारी तुलनेसाठी साधं आलं. आणि लागवडीनंतर थोड्याच दिवसांत वहिनीच्या पोटातलं दुखणं साधं नाही, हे कळलं. आतून पार पसरलं होतं. वरून ती कालपर्यंत भाजी आणायला जात होती.

पावसाळाभर माझी ड्यूटी लागली. दर आठवड्याला शेतावर जायचं, खालची पानं बघायची, प्रत्येक रोप बुंध्याशी धरून हलकेच ओढायचं, आणि हॉस्पिटलात येऊन सांगायचं. रेणू फोनवर सांगू शकली असती. पण वहिनी म्हणायची, "ती माझी विद्यार्थिनी आहे, ती मला दुखवणार नाही. तू सांग." जुलैच्या शेवटाला शेजारचं साधं आलं पिवळं पडलं, मग ओढलं की निघायला लागलं, आणि तो वास... वहिनीने सांगितला होता तस्साच. ठकी उभी. मी येऊन सांगायची, "सगळी छान आहे गं." ती "अच्छा" म्हणायची आणि छताकडे बघत राहायची. मला वाटायचं, गोळ्यांची गुंगी असेल. आनंद झालेला दिसायचा नाही, हे मला खुपायचं. मग त्या दिवशी ठकीतलं एक रोप माझ्या हातात निघालं. मी ते रेणूला दाखवलं. रेणू म्हणाली, "मैडम को मत बताइए, आंटी।" मीही तेच ठरवलं होतं. पण समोर गेल्यावर तिने विचारलं, ओढून बघितलंस? आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

ती का हसली ते तिने सांगितलं. थांबत थांबत, दम लागत होता. "तू दर वेळी येऊन सगळं छान म्हणायचीस ना... मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. इथं सगळेच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, हे म्हणतात. म्हणजे ठकी गेली, असं मी धरून चालले होते." तिने श्वास घेतला. "आज तू एक पडलं म्हणालीस. म्हणजे बाकीची खरंच उभी आहेत." मी रडत होते. तिने माझ्या ओढणीकडे हात नेला, पण सुई टोचलेला हात वर उचलेना, म्हणून मीच टोक तिच्या बोटांत दिलं. तिने ओढलं. ओढलं म्हणजे काय, बोटं नुसती हलली. "आणि ते पडलेलं फेकू नका," म्हणाली. "रेणूला दे. का पडलं ते कळायला हवं."

परवा आर. के. पुरमला गेले होते. दादाने चहा केला. गाळणं काढायला खुंटीकडे हात नेला, तर तिथं वहिनीच्या बांगड्या. हॉस्पिटलात नेताना त्याने त्या काढून ठेवल्या होत्या, नेहमीच्या जागी. त्याने एका हाताने बांगड्या बाजूला धरल्या, आवाज होणार नाही अशा बेताने, दुसऱ्या हाताने गाळणं काढलं, चहा गाळला, आणि गाळणं पुन्हा बांगड्यांमागे टांगलं.  चहात आलं नव्हतं.

तिथून मी शेतावर गेले. कोणी पाठवलं नव्हतं, कोणाला सांगायचंही नव्हतं. पाऊस आता सरलाय, कंद काढायला अजून अवकाश आहे. साध्या आल्याच्या जागी नुसती काळी माती उरलीय. ठकीच्या ओळीत पडलेल्या रोपाची एक जागा रिकामी, बाकीची हिरवी, माझ्या कमरेएवढी. रेणू लांब कोणाशी तरी मोठमोठ्याने फोनवर भांडत होती. मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, कशासाठी ते विचारू नका. खाली बसले, एक रोप बुंध्याशी धरलं आणि तोंड मिटून, तिने शिकवलं होतं तसं, हलकेच ओढून बघितलं. खालून कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.